ब्लॉकचा आकार

नव्याने आलेल्या प्राध्यापिकेने, कादंबरीने, शिकवलेलं पोरांच्या लक्षात राहायचं, हे सुमेधाला पचत नसे. वर्तकनगरजवळच्या त्या कॉलेजात डिस्कची रचना शिकवण्यात तिची उमर गेली होती. सगळी जागा सारख्या मापाच्या ब्लॉकांत विभागलेली, प्रत्येक ब्लॉकला क्रमांक, आणि अगदी सुरुवातीला सुपरब्लॉक. ब्लॉक केवढा, एकूण किती, फायलींच्या याद्या कुठे, हे सगळं त्यात लिहिलेलं. तिच्या शिकवण्यात एक शब्द चुकीचा नसे आणि मागच्या बाकावर एक पोरगं जागं नसे. कादंबरी आली, म्हणाली, "समजा, ही घोडबंदर रोडवरची एक सोसायटी आहे," आणि मागची पोरं उठून पुढे बसायला लागली. जूनमध्ये विभागप्रमुख हरिहर सरांनी लॅबही तिच्या ताब्यात दिली. किल्ल्या सुमेधाने स्वतः नेऊन दिल्या, हसून. त्या संध्याकाळी डोंबिवलीला घरी भाजीत दोनदा मीठ पडलं.

आज लॅबच्या दाराशी घोळका दिसला म्हणून ती थांबली. आत संचिता डोळे पुसत होती. सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. कोपरीच्या खाडीच्या पाण्यात प्राणवायू किती, याच्या तीन वर्षांच्या नोंदी लॅबमधल्या डिस्कवर होत्या, आणि दुसरी प्रत काढायची राहूनच गेली होती. सकाळी वीज गेली-आली, तेव्हापासून डिस्क उघडत नव्हती.

"एवढ्या चिखलात गेलेले मॅम मी," संचिता म्हणाली. "परत कुठून आणू ते?"

"अगं, थांब तर," मशीनसमोर बसलेली कादंबरी म्हणाली. "सुपरब्लॉक बिघडलाय. पण त्याच्या प्रती पुढे ठरावीक अंतरावर ठेवलेल्या असतात. सोसायटीचा नकाशा फक्त ऑफिसात नसतो ना, प्रत्येक विंगमध्ये एक लावलेला असतो."

पोरं हसली. सुमेधाला वाटलं, इतकं साधं आपल्याला का सुचू नये?

"बत्तीस हजार सातशे अडुसष्टाव्या ब्लॉकवर नाही," कादंबरी पुटपुटली. "पुढेही नाही. प्रतीसुद्धा गेल्या वाटतं सगळ्या."

"मग?" तिच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या हरिहर सरांनी विचारलं.

"आता एकच उपाय. सुपरब्लॉक नव्याने लिहायचे. मूळ फायलींना धक्का लागत नाही."

दारातल्या सुमेधाला चूक लख्ख दिसली. कादंबरी जे क्रमांक धुंडाळत होती ते चार हजार शहाण्णव बाइटांच्या, म्हणजे नेहमीच्या मापाच्या ब्लॉकांचे. ही डिस्क सुमेधाने स्वतः तयार केली होती. संचिताची एकेक नोंद एवढीशी, मोठ्या ब्लॉकात पाऊण जागा वाया गेली असती. म्हणून तिने माप हजार चोवीसचं ठेवलं होतं. त्या मापात पहिली प्रत बसते आठ हजार एकशे त्र्याण्णवाव्या ब्लॉकात. कादंबरी भलत्याच दारांवर टकटक करत होती. आणि चुकीच्या मापाने नवे सुपरब्लॉक लिहिले, तर ते जाऊन पडतील थेट याद्यांवर आणि नोंदींवर. मग ती डिस्क कोणाच्याच हातची राहणार नाही.

सुमेधाला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. सर काय म्हणतील, पोरांचे चेहरे कसे होतील, सगळं तिला दिसत होतं, आणि ते बघताना छातीत एक सुखद ऊब पसरत होती. तिची तिलाच ती ऊब किळसवाणी वाटली, तरी ती हलली नाही.

"मॅम, नक्की ना?" संचिताने विचारलं.

"घाबरू नकोस गं." कादंबरीने आज्ञा टाइप केली. पडद्यावर आकडा उमटला : ४०९६. एंटर दाबायचं तेवढं बाकी होतं.

संचिताची दया आली असती तर सुमेधाला बरं वाटलं असतं. पण तिला सहन झाला नाही तो चुकीचा आकडा.

"ब्लॉक हजार चोवीसचा आहे," ती जरा मोठ्यानेच बोलली. "प्रत आठ हजार एकशे त्र्याण्णववर बघ."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सुमेधा कादंबरीचा चेहरा पडायची वाट बघत राहिली.

कादंबरीने कपाळावर हात मारला. "अय्या, मॅडम! मशीनने सुचवलेले आकडेच मी धरून बसले. माप विचारलंच नाही. वाटच लावली असती की पोरीची!" ती उठली, खुर्ची सुमेधाकडे सरकवली. "बसा तुम्ही. ए, बघा रे सगळे, तुमच्या या कादंबरी मॅमनी आज काय गाढवपणा केलाय!"

पोरं पुन्हा हसली, आणि त्या हसण्यात पहिल्यापेक्षाही जास्त माया होती.

सुमेधाने आकडा घातला. प्रत जाग्यावर होती. थोड्या वेळाने खाडीच्या नोंदी ओळीने पडद्यावर उतरू लागल्या, तशी संचिता शेजारी उभ्या असलेल्या कादंबरीच्या गळ्यात पडली. सर "वा, सुमेधा, वा" म्हणाले. सुमेधा पडद्याकडे बघत राहिली. चारचौघांत स्वतःला गाढव म्हणायचं आणि तरीही कोणाच्या नजरेत तसूभर उतरायचं नाही, हे हिला कोणी शिकवलं?

"मॅडम, उद्या माझ्या वर्गात या ना," कादंबरी म्हणाली. "हे मापाचं तुम्हीच सांगा पोरांना. मला इतकं नीट नाही जमणार."

ती मनापासून बोलत होती. तेच तर सुमेधाला सोसवत नव्हतं.

"उद्या मला तास आहे," ती म्हणाली.

तास नव्हता.