दह्या-साखरेचा घास

दामाजीने मुलाचा जबडा धरला तो गळाला लागलेला जिताडा मासा धरावा तसा. अंगठा एका गालात रुतलेला, चार बोटे दुसऱ्या गालात. पण महिपतने दात आवळले होते. खालचा ओठ फाटला आणि रक्ताचा ओघळ हनुवटीवरून परीटघडीच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला.

"खा म्हनतो ना! आयेच्या हातचा शकुन लाथारतंस?"

आई शेवंती वाटी घेऊन उंबऱ्याशी उभी होती. वाटीत दही, आणि दह्यावर शीग लागेल इतकी साखर.

ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात महिपतच्या देहाची एके काळी ख्याती होती. होडी चिखलात रुतली की लोक चौघांना हाक मारण्यापेक्षा एकट्या महिपतला बोलावीत, आणि दामाजी काठावर उभा राहून मिशीवरून हात फिरवी. परंतु त्या पुत्राची दृष्टी पाण्यावर ठरली नाही, ती आकाशाला लागली. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात यंत्रे जुळवीत त्याने विमानविद्येच्या परीक्षा दिल्या, उड्डाणाचे पाठही घेतले. मात्र वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत वजनापाशी सारे अडले. उपासतापास झाले, पथ्ये झाली, पायपीट झाली, देह हटेना. तेव्हा त्याने मुंबईच्या एका शल्यविशारदाकडून जठराचा मुठीएवढा कप्पा करवून आतडे त्यालाच जोडून घेतले. साल त्र्याण्णवचे. अशा शस्त्रक्रियेचे नावही तेव्हा खाडीकाठी कोणी ऐकले नव्हते.

पोटावरचा उभा व्रण पाहिला त्या दिवशी दामाजीने मुलाला वल्ह्याने बडविले. "बोंबील चिरावा तसा चिरून आयलास! मी मेलो व्हतो काय?" टाके ओले होते. महिपतने पाठ पुढे केली आणि पोट वाचविले.

वर्षभरात देह निम्म्याने उतरला. तपासणीची तारीख आली. त्या सकाळी आईने तळहातावर दही-साखर ठेवली, आणि शल्यविशारदाने निक्षून वर्ज्य सांगितलेली ती साखर महिपतने आईचे मन मोडवेना म्हणून गिळली. शिवलेल्या जठराला साखर पेलत नाही. ती सरळ आतड्यात कोसळते. डॉक्टरांपुढे उभा असताना त्याची छाती धडधडली, घामाच्या धारा लागल्या, आणि तो तिथेच आडवा झाला. डॉक्टरांनी शेरा दिला: तूर्त अपात्र. एकदा पुन्हा पाहू, त्यानंतर नाही.

घरी येऊन तो एवढेच म्हणाला, "मला अपात्र ठरवलं."

शेवंतीचा भाऊ धाकू ओट्यावर बसला होता. शब्दांचा अर्थ लावण्याची त्याला भारी हौस. "पात्र म्हंजे ताट. अपात्र म्हंजे ज्याच्या ताटान काय नाय तो. डाक्टर बराबर बोलला, दाजी. पोर उपाशी परलाय."

महिपतने परोपरीने सांगितले की दोष साखरेचा. पण ज्या घासाने आजोबा तुफानातून परतले, ज्या घासाने बहिणीचे लग्न निर्विघ्न पार पडले, तो घास विष होतो हे कोण मानणार?

"साकरंनं कदी कोन मेलाय काय रं?" दामाजी म्हणाला होता. "ह्या बारीला मी सोता भरवीन."

आज ती दुसरी तारीख होती.

"धाकू, धर त्याला!"

धाकूने मागून दोन्ही दंड जखडले. पूर्वीचा महिपत असता तर मामा अंगणात जाऊन पडला असता. पण ते बळ मांसाबरोबर गेले होते. दामाजीने नाक दाबले. श्वासासाठी तोंड उघडताच घास आत कोंबला गेला. महिपतने तो रक्तासकट बापाच्या छातीवर थुंकला.

दामाजीची थप्पड कानशिलावर आली. दुसरी त्याच कानावर. कानात एक तीक्ष्ण शीळ सुरू झाली आणि त्या शिळेत महिपतला कळून चुकले की आणखी एक तडाखा, आणि पडदा फाटेल. फाटलेल्या कानाला आकाश नाही. त्याने टाच धाकूच्या नडगीवर हाणली, दंड सोडविले, कुडाला टेकलेले वल्हे उचलले आणि तिसऱ्यांदा उठलेल्या त्या उजव्या हातावर सर्व शक्तीनिशी घातले.

वाळकी फाटी मोडावी तसा आवाज झाला.

मनगटापासून भलतीकडे वळलेल्या आपल्या हाताकडे दामाजी पाहत राहिला. जाळे ओढणारा हात तो. पित्याला देव मानावे असे ज्या देशात लेकरांना प्रथम शिकवितात, तिथे हे घडले. आणि घडविणाऱ्याच्या हातून वल्हे गळून पडले.

"बापूसवर हात टाकलास, चांडाला!" नडगी धरून धाकू विव्हळला.

शेवंतीने वाटी परसात भिरकावली. घरात जाऊन ती नवऱ्याचा धुतलेला सदरा मुलाला घालायला घेऊन आली आणि तिने चिमूटभर मीठ मुलाच्या जिभेवर ठेवले. फाटलेला ओठ झोंबला.

"ह्यो तरी सोसल ना? जा. आता थांबलास तर ह्यांचा हात फुकट गेला."

तपासणीच्या खोलीत कानाचा पडदा शाबूत निघाला. धावविले, झुकविले, रक्त घेतले. नाडी संथ होती. वृद्ध डॉक्टरांनी ओठाकडे पाहून विचारले, "हे काय?"

"घरचा शकुन," महिपत म्हणाला.

"पात्र," एवढेच उच्चारून डॉक्टरांनी सही केली.

दिवेलागणीला तो परतला. दामाजीचा हात प्लास्टरमध्ये गळ्याशी बांधला होता. पुढे ताट होते, त्यात कोलंबीचे कालवण आणि भात. डाव्या हाताने जेवणे त्याला अमंगळ वाटे, म्हणून ताट तसेच होते.

"सकाळपासून पानी पन नाय घेतला," शेवंती म्हणाली.

महिपत समोर बसला. भात कालवून त्याने घास वळला आणि बापाच्या तोंडाशी नेला. दामाजीने दात आवळले.

"बाबा, खा."

दात उघडले नाहीत. महिपतचा डावा हात आपसूक वर गेला, अंगठा एका गालाकडे, बोटे दुसऱ्याकडे. आणि बापाच्या कातडीला स्पर्श होताच जागीच थिजला. दामाजी डोळ्यांत डोळे घालून वाट पाहत होता.

महिपतने हात मागे घेतला. घास पुन्हा ताटात ठेवला.

दामाजी बोलला. "पात्र ठरलास?"

"ठरलो."

"मंग माझा ताट उचल," दामाजी म्हणाला. "आज मी अपात्र."