यज्ञेशच्या टायरमधली हवा

तेरावं झालं, पाहुणे पांगले, तरी मला रडू आलं नव्हतं. सगळे म्हणाले, समिधा धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! मी नौपाड्यात दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. हिरडीला इंजेक्शन दिलं की पेशंट स्वतःचा गाल चावतात आणि त्यांना कळतही नाही, ते रोज बघते. माझं तसंच चाललं होतं. चहा उतू जायचा आणि मी बघत उभी राहायचे.

यज्ञेश माझा नवरा. कोपरला खाडीच्या बाजूला आमचं घर. सासऱ्यांना सगळा गाव दाजी म्हणतो, मी बाबा म्हणते. पूर्वी त्यांच्या घरी मिठागराचं काम होतं. तरुणपणी बाबा सायकलच्या कॅरिअरवर मिठाची दोन-दोन पोती लादून बांधावरून आणायचे. टायर जरा मऊ असला तर पोत्यांच्या वजनाने रिम टेकायची. त्यामुळे त्यांच्या लेखी सायकलीचं एकच शास्त्र होतं. अंगठ्याने दाबायचं. अंगठा रुतला तर हवा कमी, नाही रुतला तर पोरगा सुखरूप घरी येणार.

यज्ञेशने ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडी-मातीवर चालणारी सायकल, घेतली तेव्हा तिचे जाड टायर बघून माझ्या आईने विचारलं होतं, हे सायकलीचे की मोपेडचे? तो दर रविवारी पहाटे निघायचा. आधी डांबर, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक, मग सुटी खडी आणि शेवटी मिठागराचा जुना बांध. असल्या सरमिसळ रस्त्याला रुंद टायर आणि कमी हवा लागते, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. मऊ टायर खडीला धरून राहतो, कडक टायर खडीवरून उडतो.

बाबांना हे कोण सांगणार? दर शनिवारी संध्याकाळी ते ओट्यावर पंप घेऊन बसायचे, टायर दाबून बघायचे, ‘ह्यो बसलाय’ म्हणायचे आणि घाम गाळून दगडासारखा करून ठेवायचे. यज्ञेश काही बोलायचा नाही. रविवारी गल्लीच्या टोकापर्यंत सायकल हातात धरून न्यायचा आणि तिथे उभा राहून जास्तीची हवा सोडायचा. घरासमोर सोडली तर बाबांना ऐकू जाईल, म्हणायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही गप्प. खरं तर मला ते दोघं फार आवडायचे तेव्हा.

त्या रविवारी दहा वाजता आम्हाला माझ्या आईकडे जायचं होतं. मी आदल्या रात्रीपासून त्याच्या मागे लागले होते, साडेआठच्या आत ये, दर वेळी उशीर करतोस. तो दारातूनच सायकलवर बसून गेला. मी खिडकीतून पाहिलं. गल्लीच्या टोकाला तो थांबला नाही. पुढे पेव्हर ब्लॉक संपून खडी सुरू होते तिथे त्याचं पुढचं चाक उडालं. हेल्मेट होतं, पण तो मानेवर पडला.

सुतकात जो येईल त्याला बाबा एकच गोष्ट सांगत होते. खडी कशी अर्धवट टाकून ठेवली होती, आणि टायर मात्र कसा टाइट होता. ‘हवा मीच भरलेली, आदल्या दिशी.’ एवढाच आधार होता त्यांना, आपल्याकडून काही राहिलं नाही याचा. मी दर वेळी मान हलवली. त्यांना कळू द्यायचं नाही, एवढं एकच काम मला उरलं होतं.

विसाव्या दिवशी हर्षित आला. यज्ञेशच्या ग्रुपमधला. दुसऱ्या दिवशी सगळे त्याच्या आठवणीसाठी त्याच रस्त्याने जाणार होते आणि यज्ञेशची सायकल त्यांना बरोबर हवी होती. मी हो म्हटलं होतं. अपघातानंतर आणून ठेवलेली सायकल ओट्यावरच होती, कोणी हात लावला नव्हता. बाबा शेजारी खुर्चीत बसले होते. हर्षितने सवयीने खिशातून प्रेशर मोजायचं यंत्र काढून पुढच्या चाकाला लावलं आणि तसाच थांबला. मी डोळ्यांनी त्याला गप्प राहायला सांगत होते. त्याचं लक्षच नव्हतं.

“पन्नास आहे,” तो म्हणाला. “वीस दिवसांनी पन्नास, म्हणजे तेव्हा साठच्या वर असणार. यज्ञेश तर तीस-बत्तीसवर चालवायचा. एवढी हवा घेऊन तो खडीवर गेलाच कसा?”

बाबांनी मान वर केली.

“मी भरली,” मी म्हणाले. “बाबांनी बेताची भरली होती. सकाळी वरून मी अजून मारली. त्याला उशीर होत होता म्हणून.”

हर्षित माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने व्हॉल्व्ह दाबला. हवा बराच वेळ सुटत होती. बाबांनी तो आवाज त्या ओट्यावर पहिल्यांदाच ऐकला. आवाज थांबल्यावर ते उठले, गुडघ्यावर हात टेकून चाकापाशी बसले आणि टायरवर अंगठा दाबला. अंगठा रुतला.

“यवरीच ठेवाची व्हती?” त्यांनी हर्षितला विचारलं.

“हो काका.”

त्यांनी अंगठा काढला नाही. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “पोरी, तुला पंप लावता येत नाय.”

ते खरं होतं. मला कधीच येत नव्हता. मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि रडायला लागले, आणि ते तसेच टायर दाबून बसून राहिले.