दुसरं टोक

सकाळपासून ते चाक कुरकुरत होतं आणि घरात कुणाचाच पाय एका जागी ठरत नव्हता. काका फाटकापर्यंत जाऊन गाडी आली का बघून येत होता, आत्या पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती आणि मी पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. मागच्या अंगणात आजोबा दोर वळायचं चाक नुसतंच पुढेमागे हलवत बसले होते.

आजी परवा शहरातल्या दवाखान्यात वारली. आम्ही तिला तिथल्याच स्मशानात पोचवूनही आलो. आजोबांना मात्र कुणीच काही सांगितलं नव्हतं.

हा काकाचा हुकूम. "बाबांचं काळीज अधू आहे. आधी शहरात माझ्याकडे नेऊ, डॉक्टरांना शेजारी बसवू, मग सांगू." तोवर आजी दवाखान्यात आहे आणि बरी आहे, एवढंच बोलायचं. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. दुकानात गिऱ्हाइकांशी दिवसभर गोड बोलण्याचाच मला पगार देतात. पण आजोबांनी "कशी आहे गं ती?" म्हणून विचारलं की माझे कान तापायचे आणि मी काहीतरी आणायच्या निमित्ताने तिथून पळायचे.

दुपारी गाडी येणार होती आणि आजोबा जागचे हलायला तयार नव्हते. "दोर अर्धा आहे," ते म्हणायचे. "अर्धा टाकून मी कधी उठलोय?" जेवणसुद्धा तसंच झाकून ठेवलेलं.

त्यांच्या कामाची रीत अशी. चाकाच्या आकड्याला ताग अडकवायचा. एकाने चाक फिरवायचं. दुसऱ्याने कमरेला ताग गुंडाळून, तो बोटांतून थोडा थोडा सोडत मागे मागे चालायचं. पीळ बसत जातो, दोर लांबत जातो. चाक आजोबांचं आणि मागे चालणं आजीचं, अगदी लग्नापासून. पुढे आजोबांची नजर गेली तेव्हा दोघांनी खुणा ठरवल्या. दोराला एक हिसका म्हणजे 'हो, चालू दे'. दोन म्हणजे 'थांब'.

चालणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही, हा आजीचा नियम. मान वळली की बोटं ढिली पडतात आणि दोराला गाठ येते. अंगण संपून गल्ली लागायची, गल्ली संपून शेताच्या कडेचं झाड यायचं, आजी पाठमोरी चालतच असायची. गल्लीतले लोक तिच्या वाटेतून खाटा, सायकली, कोंबड्या बाजूला करायचे. येणारं माणूस तिला दिसायच्या आधी ऐकू यायचं, आणि ते समोर येईपर्यंत तिची अर्धी विचारपूस उरकलेलीही असायची.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, "आजी, पडायची भीती नाही वाटत?"

"समोर तुझे आजोबा दिसतात ना? मग मागे काय बघायचंय?" ती म्हणाली. "तुझं कठीण आहे हो भिंगरी. तुला सारखं वळून बघायचं असतं."

भिंगरी हे तिनेच ठेवलेलं नाव, कारण मी कुठेच टिकत नव्हते. घर, नोकरी, शहर, सगळं बदलून झालं. आणि ही बाई मात्र जन्मभर एकाच माणसाकडे बघत मागे सरकत राहिली. तिचा अभिमान वाटून घ्यावा की तिच्यावर चिडावं, हे मला ती असतानाही ठरवता आलं नाही. आता तर ती भांडायलाही नाही.

शेवटी आत्याने डोकं लढवलं. "कुणीतरी आईचं टोक धरा. दोर पुरा झाला की बाबा उठतील."

पहिला काका गेला. त्याच्या पोटाला ताग पुरेना. कसाबसा बांधला, चार पावलं मागे गेला आणि पाण्याच्या पिंपावर जाऊन पडला. एरवी आम्ही हसून लोळलो असतो. मग आत्या. ती दोर असा ओढायला लागली, की जणू बैल खुंट्यावरून निसटला होता. आजोबांनी चाक उलटं फिरवून तिने घातलेला घोळ काढला आणि पुन्हा वाट बघत बसले.

"आता तू," काका मला म्हणाला. "आणि एक हिसका दे, आईसारखा."

ताग कमी पडत होता, म्हणून मी तो आणायला अंगणातल्या खोपीत गेले. तिथे मला काहीतरी चुकतंय असं वाटलं. इतकी वर्षं ही दोघं रोज दोर वळत होती आणि खोपीत एकही तयार दोर नव्हता. नुसते तागाचे ढीग. हातात घेतला तर तो नव्या तागासारखा सरळ नव्हता. कुरळा, मऊ, आखूड, वेणी सोडलेल्या केसांसारखा. कोपऱ्यात गोणपाटाखाली एक दोर होता, अर्धा वळलेला आणि अर्धा उकललेला.

कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती.

"काकू, आजी दोर कुणाला विकायची?"

"कोण घेतंय आता?" ती म्हणाली. "सगळ्यांकडे नायलॉनचे. तुझी आजी पहाटे उठून कालचा दोर उकलायची, विंचरायची आणि आजोबांना सांगायची, नवा ताग आलाय. त्यांच्या हाताला काम हवं ना. कुणाला बोलू नकोस म्हणाली होती."

मी ताग कमरेला करकचून गुंडाळला. राग होता तो. कुणावर, ते सांगता येत नव्हतं. आजीवर, काकावर, त्या कुरकुरणाऱ्या चाकावर. टोक धरलं आणि एक हिसका दिला. चाक फिरायला लागलं.

मी मागे चालू लागले. अंगणातल्या दगडाशी वळून बघितलं. फाटकाशी बघितलं. गल्लीत सायकलची घंटा वाजली, पुन्हा बघितलं. दर वेळी बोटांखाली गाठ लागायची. आजोबा लहान होत चालले होते. त्यांचा चेहरा सारखा माझ्याकडेच होता. आजीने रोज हेच बघितलं असणार. झाडाशी पोचले तेव्हा मला धाप लागली होती.

चाक थांबलं. आजोबांनी मोठ्याने हाक दिली. "भिंगरे!"

काका दारातून हातवारे करत होता, नको, नको.

"भिंगरे, गेली ना ती?"

काका अजून हात हलवतच होता. मी दोराला एक हिसका दिला.

आजोबांनी दोर मुठीत धरला, चाक अडकवलं. मग उठले. "सोडू नकोस," ते म्हणाले. "सोडलास तर सगळा पीळ जाईल. मी येतो."

दोर चाचपत, हातावर हात टाकत ते गल्लीतून येऊ लागले. काका धावला, आत्या धावली. त्यांनी दोघांना झटकलं. वाटेत थांबून प्रत्येक गाठ बोटांनी बघत होते. "इथे वळून बघितलंस," ते म्हणायचे. "इथेही." शेवटी त्यांचा हात माझ्या हाताला लागला.

"केव्हा कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तुझा काका पिंपावर पडला आणि कुणी हसलं नाही, तेव्हा." त्यांनी माझ्या कमरेचा ताग चिमटीत धरून चोळला. "हे तिचंच विंचरलेलं."

"आजोबा, तो ताग…"

"जुना आहे. माहीत आहे मला. आंधळा झालो, हात थोडाच आंधळा झालाय? तिला वाटायचं मला कळत नाही. रोज सांगायची, नवा ताग आलाय हो. मी म्हणायचो, वा, छान आहे." ते चिमटीतला ताग चोळतच राहिले. "चाक फिरवायचा कंटाळा आला होता मला. पण मी बसून राहिलो असतो, तर ती कुणासाठी उठली असती?"

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

"थांब म्हणावं गाडीवाल्याला," आजोबा म्हणाले आणि झाडाखाली बसले. "रोज तीच उकलायची. आज मी उकलतो. तू टोक धर."

मी टोक धरलं. ते पीळ सोडू लागले.