जास्तीचा सहावा महिना

लेहाच्या दुकानासमोरची रांग हटत नव्हती आणि तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. अधिक सहाव्या महिन्याचा आज शेवटचा दिवस. उद्यापासून सातवा, म्हणजे भुतांचा महिना. मग लेकीने खायला आणलं काय नि न आणलं काय!

चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून तोकडं पडतं, म्हणून तीनेक वर्षांनी पंचांगवाले एक जास्तीचा महिना घुसवून दोघांची गाठ घालून देतात. पण हा महिना आईबापांवर जड जातो. त्यावर उतारा एकच, लग्न झालेल्या लेकीने डुकराचे पाय घातलेल्या शेवया आणून द्यायच्या. आपल्याकडे अधिकात जावयाची चंगळ, इथे तैनान शहरात सासूची. अख्ख्या बाजारातल्या लेकी लेहाकडूनच शेवया नेत होत्या. तिची स्वतःची ईचिन तेवढी फिरकली नव्हती.

फिरकेल कशी? तिने स्कूटर दुरुस्त करणाऱ्या वेईलुनशी लग्न केलं, तेव्हा लेहाच नाही नाही ते बोलली होती. "अधिक महिना आला तरी तुझ्या हातचं खाणार नाही!"

"मावशी, शेवया तुटू देऊ नका हं. आईच्या आयुष्याचा प्रश्न आहे," एक गिऱ्हाईक म्हणालं.

"जन्म गेला माझा यात. तू मला शिकव!" लेहा खेकसली आणि पुन्हा गल्लीकडे बघू लागली. कार्टीला आई मेली तरी चालेल? भीती वाटत होती तिला, सरळ सरळ भीती.

दुपारी तिने पातेली घासायला काढली, तर दारात वेईलुन डबा घेऊन उभा.

"तिच्या हातचं खाणार नाही म्हणालात ना, म्हणून मी शिजवलंय."

लेहाने झाकण उघडलं. नुसता लगदा. एक शेवई धड लांब नव्हती.

"जावयाचं लागू पडत नाही. लेकीनंच द्यावं लागतं. कुठंय ती?"

"कोपऱ्यावर, स्कूटरवर. महिनाभर येऊन बसतेय. आत यायचा धीर होत नाही तिला."

लेहा ओल्या हातांनीच बाहेर धावली.

"ए ईचिन! उन्हात काय बसलीस? आई मरायची वाट बघतेस?"

ईचिन आली. वेईलुनचा डबा घेऊन तिने तो दोन्ही हातांनी आईपुढे धरला.

"सगळ्या तुटल्यात गं, आई."

"तुटू देत. तोंडात तुटायच्याच होत्या," लेहा म्हणाली आणि खायला लागली. तळचा रस्साही तिने सोडला नाही.