आत अडकलेला नवरा

ताईने धाकटीच्या पार्लरचं दार ढकललं, रिकाम्या खुर्चीत अंग टाकलं आणि जाहीर केलं, "संपलं. आजपासून लिहिणं बंद."

तिच्या पहिल्या कादंबरीला वाळवीखेरीज वाचक मिळाला नव्हता. दुसरी छापखान्यात असतानाच प्रकाशकाने गाशा गुंडाळला. तिसरी आज सकाळी परत आली होती, 'शेवट पटत नाही' एवढ्या शेऱ्यासह. लिहायला म्हणून राखून ठेवलेल्या संध्याकाळी आता रसायनशास्त्राच्या शिकवणीला द्यायच्या, असं ती येता येता कबूलही करून आली होती.

धाकटी मुख्याध्यापिकाबाईंच्या डोक्यावर वाकली होती. बाईंना चार बटा तपकिरी हव्या होत्या. एकेका बटेला ब्लीच लावून धाकटी ती फॉइलमध्ये गुंडाळत होती, त्यामुळे बाई एखाद्या अँटेनासारख्या दिसत होत्या.

"बंद कर की," धाकटी म्हणाली. "पण रद्दीत घालायच्या आधी गोष्ट तरी सांग. वाचायला माझे हात कुठे रिकामे असतात?"

ताईने मेल्या मनाने सुरुवात केली. एक बाई असते. संसाराला तीस वर्षं झालेली. एक दिवस नवरा पेपर वाचत असताना ती घराला बाहेरून कुलूप ठोकते आणि चालू लागते.

"आणि किल्ली?" बाकावर थांबलेल्या नर्सने विचारलं.

"पर्समध्ये."

"शाब्बास!"

मग कोणी ताईला गप्प बसू देईना. बाईने समुद्र पाहिला, गॅरेजमध्ये नोकरी धरली, गाड्यांखाली झोपून नट आवळायला शिकली. इकडे नवरा खिडकीतून शेजाऱ्यांना हाका मारतोय, शेजारी गजांतून डबे देताहेत, हे ऐकून नर्सला ठसका लागला. धाकटी ब्रश हवेत धरून उभी. ताईचे हात आपोआप हलायला लागले, आवाज चढला, कादंबरीत मुक्या असलेल्या माणसांनाही तोंड फुटलं.

"आणि शेवटी," ती एकदम मंदावली, "ती परत येते. कुलूप काढते. दोघं रडतात."

नर्सने तोंड वाकडं केलं.

"रडतात?" मुख्याध्यापिका फॉइलसकट गर्रकन वळल्या. "अगं, पण तो इतके दिवस खिडकीत बोंबलत का बसला? घराला मागचं दार नव्हतं?"

"आहे ना. पण ते..." ताईने उघडलेलं तोंड उघडंच राहिलं. "ते स्वयंपाकघरात आहे."

"मग?"

"मग काय! तीस वर्षांत तो स्वयंपाकघरात गेलाय कुठे? तिथे दार आहे हेच त्याला ठाऊक नाही!"

नर्स हसता हसता बाकावरून घसरली. धाकटीने पोट धरलं. ताई तर उठून उभीच राहिली, गाल लाल, जणू आपल्याच घरात नवी खोली सापडली होती.

"डोकं जरा चुरचुरतंय हं," मुख्याध्यापिका डोळे पुसत म्हणाल्या.

"आई गं!" धाकटी किंचाळली.

ब्लीच आपलं काम करत राहतं, काळ्याचं तांबडं, तांबड्याचं पिवळं. थांबवायचं माणसाने असतं, आणि सगळी माणसं गोष्टीत गुंतली होती. फॉइल सुटली तशा चार बटा बाहेर आल्या, पिकल्या लिंबाच्या रंगाच्या.

मुख्याध्यापिकांनी आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"उद्या शाळेची तपासणी आहे," त्या म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. ते हसू आवरेचना. "साहेबांना सांगते, मुलांच्या प्रयोगाला डोकं दिलं!"

"मॅडम, मी आत्ता पुन्हा रंगवून देते, फुकट," धाकटी काकुळतीला आली.

"दे. पण तोवर हिला बोलू दे. तो बाहेर येतो कसा?"

ताईने केसांच्या रंगाचं रिकामं खोकं फाडून सपाट केलं होतं आणि भुवयांच्या पेन्सिलीने त्यावर भराभर लिहीत होती. तिचा फोन वाजला. धाकटीने रंगाने माखलेल्या हातमोज्यानेच तो उचलला.

"ताई, शिकवणीवाले. उद्या किती वाजता येतेस विचारताहेत."

"जमणार नाही म्हणून सांग त्यांना," ताई मान वर न करता म्हणाली. "तो आत्ता कुठे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलाय."