सोमवारचा धूर

"माझ्या चादरी काळ्या करणाऱ्याला माझी पोर मिळायची नाही!" चर्चच्या पायरीवर, चारचौघांत मी डेल्बर्टला ठणकावलं.

मेला फायरमन. माझ्याच नवऱ्याच्या इंजिनात फावड्यानं कोळसा घालायचा. आणि सोमवारी, ऐन धुण्याच्या दिवशी, आमच्या दारातल्या चढणीवर असा काळाकुट्ट धूर सोडायचा की दोरीवरचं सगळं पुन्हा टबात. माझी अर्लीन मात्र लग्न करीन तर याच्याशीच म्हणून हटून बसलेली.

"काकू, या सोमवारी पांढऱ्याचं पांढरं ठेवून दाखवलं तर?"

"पॅसेंजर ओढताना कुणीही दाखवेल. कोळशानं भरलेली मालगाडी चढवून दाखव. मधेच अडकलास तरी हरलास! जमलं तर लग्न."

घरी आल्यावर नवऱ्याला बजावलं, "ओटिस, त्याला सांभाळून घेऊ नकोस हं."

"मी कशाला घेतोय? मला गाडी वेळेत न्यायचीय."

सोमवारी सगळ्या गल्लीनं मुद्दाम पांढरं तेवढंच वाळत घातलं. शेजारच्या मेबलनं तर धुतलेलेच पडदे पुन्हा धुतले. चुलीवर घेवडा टाकून मी दोरीपाशी उभी राहिले, शेजारी अर्लीन ओठ चावत.

इंजिन वळणावर आलं. धुराड्यावर नुसती हवा थरथरत होती. आत डेल्बर्ट दिसला. चिमूटभर कोळसा, भट्टीचं दार बंद. पुन्हा चिमूटभर, पुन्हा बंद. अर्ध्या चढणीवर डबे जड झाले, इंजिनाला धाप लागली आणि काळा भपकारा निघाला.

"गेलं!" मेबल ओरडली.

"गप गं!" मी खेकसले. "डेल्बर्ट, बेतानं! बेतानं घाल, पोरा!"

अगं बाई, हे मीच बोलले! अर्लीन माझ्याकडे बघतच राहिली.

भपकारा छपरांवरून निघून गेला, पुढचा आलाच नाही. इंजिनानं पुन्हा जोर धरला. माथ्यावर पोचलं तेव्हा वाफ इतकी भरली होती की झडपेतून पांढरीशुभ्र उसळली. ओटिसनं शिट्टी धरली ती सोडेचना, आणि गल्लीनं टाळ्यांचा कडकडाट केला. मी एकेक चादर उलटून पालटून पाहिली. एक डाग असेल तर शपथ!

संध्याकाळी डेल्बर्ट दारात आला, नखशिखांत काजळी, नुसते दात दिसत होते.

"काकू, लांबच उभा राहतो. तुम्ही सगळं धुतलंय."

"मर मेल्या," म्हणत मी त्याला घट्ट कवटाळलं. माझ्या पांढऱ्या झग्याची पार वाट लागली. लागू दे.