आठ गाड्यांचं अंगण

तात्यासाहेब दांडग्यांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक मिशीचा आणि दुसरा दिलेल्या शब्दाचा. पंचाईत एवढीच, की मिशीला पीळ भरता भरता ते शब्द देऊन मोकळे व्हायचे आणि निभावताना घरादाराचा घाम निघायचा.

मूळचे ते करमाडचे. शेती अजून तिथंच होती, पण मुलगा गोकुळ शेंद्र्याच्या कंपनीत लागला आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर त्यानं तीन मजले चढवले. पहिला मजला घरच्यांना, वरचे भाड्यानं, खाली पार्किंग. सगळं गोकुळच्या मनासारखं झालं. तात्यांनी फक्त एक हट्ट धरला होता, दारापुढचं अंगण मातीचं राहू द्यायचं. "हितं सिमिटाचा एक ठिपका जरी पडला तर गाठ माझ्याशी हाय," असं त्यांनी गवंड्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तात्यांच्या पत्नी द्वारकाबाई रोज संध्याकाळी, तोवर बिऱ्हाड होतं त्या दुसरीकडच्या भाड्याच्या खोलीतून चालत यायच्या, बिनराहत्या घराच्या अंगणात सडा टाकायच्या आणि परत जायच्या.

आणि मग एक दिवस इंजिनिअर कृष्णा नकाशा घेऊन आला.

"तात्या, नियमानं आठ गाड्यांची जागा दाखवावी लागते. खाली सहा बसतात. उरलेल्या दोन अंगणात घ्याव्या लागतील. फरशी टाकू, वर पांढऱ्या रेघा मारू. त्याशिवाय भोगवटा मिळत नाय."

"भोगवटा म्हंजी?"

"राहायला जायची परवानगी."

"आरं पण आठ गाड्या हायेत कुणाच्या? गोकुळची एक. वरच्या बिऱ्हाडांच्या स्कूटरी. मी पायी चालतो."

"असू द्या की. जागा पाहिजे म्हणजे पाहिजे."

"बाजारात तुरी न् भट भटणीला मारी!" तात्या भडकले. "नसलेल्या गाड्यांसाठी असलेलं अंगण पुरायचं का?"

आता तुम्ही म्हणाल, दोन फरशांसाठी एवढा काय तो थयथयाट! तर त्याचंही कारण होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तात्यांच्या लेकीचं, सोनियाचं लग्न त्यांनी मोठ्या हौसेनं शहरातल्या मंगल कार्यालयात केलं होतं. झुंबरं, कारंजं, सगळा थाट. पण चारच्या ठोक्याला पुढच्या लग्नाची मंडळी दारात येऊन उभी. पाठवणीच्या वेळी मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, कुणीतरी "चला, चला, आवरा" म्हणालं, सोनियाला गाडीत बसवलं आणि गाडी भुर्रकन गेली. द्वारकाबाईंना लेकीच्या तोंडावरून हात फिरवायचा होता, तो हात तसाच वर राहिला. त्या रात्री त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "माझी लेक दारातनं गेलीच नाय वो. हालातनं गेली." तात्यांनी तिथल्या तिथं शब्द दिला, नातीचा मांडव दारात घालीन, मेढ आपल्या मातीत रोवीन आणि तिला आपल्या दारातनंच वाटं लावीन.

आणि आता नातीचं, गोकुळच्या प्रेरणाचं लग्न ठरलं होतं. मुलगा शिवराज, अजिंठ्याकडचा, मोठा गुणी. लग्न वैशाखात. राहायला आल्याशिवाय घर आपलं म्हणता येत नव्हतं, आणि फरशी टाकल्याशिवाय राहायला येता येत नव्हतं.

"तेलाच्या डब्यात माती भरून मेढ उभी करतात की हल्ली," गोकुळ भीत भीत म्हणाला.

"डब्यात तुळस लावत्यात, मेढ नाय," तात्या म्हणाले आणि विषय मिटला.

नशीब बघा, त्याच सुमाराला पेपरात आलं, नव्या बांधकामांसाठी पार्किंगचे नियम महापालिका बदलतेय, लोकांनी हरकती-सूचना मांडाव्यात. तात्यांनी फेटा बांधला, मिशीला पीळ दिला आणि सुनावणीला जाऊन पहिल्या रांगेत बसले.

सुनावणी घेणारी अधिकारी होती चारुता, तिशीतली, चष्मेवाली आणि शांत डोक्याची. आधी उठले आप्पासाहेब. हे तात्यांच्या बरोब्बर समोर राहणारे, शाळेच्या संस्थेचे सेक्रेटरी, आणि त्यांचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं.

"मॅडम, नियम कमी नका करू, वाढवा! माझ्या फाटकासमोर रोज कुणाची तरी गाडी आडवी. माझ्याच घरातून निघायला मला दुनियेची इजाजत घ्यावी लागते. परवा दवाखान्यात जायचं होतं, अर्धा तास हॉर्न वाजवत बसलो."

तात्या उठले. "बाई, आमच्या गल्लीत हरेक बिल्डिंगखाली पार्किंग हाय. पण त्यात गाड्या नायत. एका ठिकाणी पापड वाळत्यात, एका ठिकाणी पोरं कॅरम खेळत्यात, एकानं तर झोपाळा टांगलाय. गाड्या समद्या रस्त्यावर, कारण आत वळवायचा लोकांना येतो कंटाळा. मग अजून जागा करून काय हुणार? अजून पापड!"

सगळा हॉल हसला. चारुताही हसली, पण तिनं मान डोलावली. "खरंय तुमचं. मी स्वतः फिरून पाहिलंय. स्टेशन जवळ आहे, प्लॉट लहान आहेत, तिथं एवढ्या गाड्यांची सक्ती कशाला, हाच आमचाही विचार आहे."

"आणि लग्नकार्य निघालं म्हणजे?" आप्पासाहेब मागून ओरडले. "यांच्या नातीचं लग्न आहे दारात! अख्खं करमाड गाड्या घेऊन येईल. तेव्हा पार्किंग कुठं? माझ्या फाटकापुढं!"

झालं! तात्यांचा हात मिशीवर गेला. द्वारकाबाई तिथं असत्या तर त्यांनी तो हात धरला असता.

"आप्पासाहेब, लग्नाच्या दिवशी आमच्या पाहुण्यांची एक गाडी, फकस्त एक, रस्त्यावर उभी दिसली तर ही मिशी उतरवीन आणि दुसऱ्या दिवशी अंगणात माझ्या हातानं फरशी टाकीन. बाई, तुम्ही पण या बघाया. तुम्हाला आमंत्रण!"

"येईन," चारुता म्हणाली. "जेवायलाही थांबेन."

होळीच्या आत नवा नियम मंजूर झाला. स्टेशनजवळच्या लहान प्लॉटांना गाड्यांची जागा कमी चालेल, मात्र उरलेलं अंगण उघडंच ठेवायचं. कृष्णा पेढे घेऊन आला. दांडगे मंडळी पाडव्याला नव्या घरात राहायला आली, आणि द्वारकाबाईंचा सडा पहिल्यांदा राहत्या घरापुढं पडला. त्या दिवशी त्या उगीचच दोनदा अंगण झाडत होत्या.

राहता राहिला तात्यांचा शब्द.

करमाडची बाजू सोपी होती. तात्यांनी भावकी बसवून सांगितलं, "लग्नाला यायचं तर प्यासिंजरनं. करमाडला बसायचं, मुकुंदवाडीला उतरायचं. ठेसनावर बँड उभा राहील, वाजतगाजत घरी न्हेतो. जो गाडी घेऊन येईल त्याला बुंदी मिळणार नाय." भावकीनं आधी कुरकुर केली, मग बँडचं ऐकून खूश झाली. रेल्वेतून उतरल्या उतरल्या आपल्यापुढं बँड वाजणार, हे कुणाच्या नशिबात असतं?

खरी अडचण व्याह्यांची. मुलीकडच्यानं मुलाकडच्यांना "गाड्या आणू नका" म्हणायचं? अहो, आपल्याकडं व्याह्याला "पाणी जरा जपून प्या" म्हणायची सोय नाही, तिथं गाड्यांचं काय घेऊन बसलात! तरी तात्या मन घट्ट करून अजिंठ्याला जाऊन आले. व्याही रामकिसनरावांनी पुरणाचं जेवण घातलं, शेत दाखवलं, पान दिलं.

"सांगितलं का?" ते आल्या आल्या द्वारकाबाईंनी विचारलं.

"सांगितलं की."

"काय?"

तात्यांनी फेटा खुंटीला लावला. "म्हणलं, मका यंदा लई झ्याक आलाय."

द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या आठवड्यात तात्या पुन्हा गेले, आणि त्या खेपेला कापसावर बोलून आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा बाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. पिकं संपली त्यांच्याकडची."

तात्यांना हसू आलं नाही. वैशाख जवळ आला तसा त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. मिशीचं दुःख नव्हतं, मिशी पुन्हा उगवते. पण फरशी पडली की अंगण गेलं, आणि लग्नाच्याच दिवशी दारात रस्त्यावरून भांडण झालं, तर प्रेरणाची पाठवणीही हॉर्नच्याच गोंगाटात होणार. बायकोला दिलेला शब्द मिशीच्या नादात आपणच मातीत घातला, असं त्यांना वाटायला लागलं. ते आरशापुढं उभे राहून मिशीशिवाय कसे दिसू याचा अंदाज घेत बसायचे. अंदाज काही बरा येत नव्हता.

लग्नाचा दिवस उजाडला. अंगणात मेढ उभी होती, खऱ्याखुऱ्या मातीत, आंब्याचे टहाळे बांधलेली. पॅसेंजर वेळेवर आली, हेही एक आक्रीतच. करमाडची भावकी बँडच्या मागं नाचत गल्लीत शिरली. आप्पासाहेब आपल्या फाटकात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर चारुता. ती रिक्षानं येऊन रिक्षा परत पाठवून मोकळी झाली होती.

तेवढ्यात गोकुळ धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "तात्या, नवरदेवाकडचे आले. गाड्याच गाड्या हायेत. चौकातनं वळायलेत."

तात्या मटकन मेढीजवळ बसले. हात मिशीवर गेला, या वेळी निरोप घ्यायला.

"द्वारका कुठंय?" त्यांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. सकाळपासून काकूंना पाहिलं नाही, असं जो तो म्हणायला लागला. तात्या उठून गल्लीच्या तोंडाकडं धावले आणि तिथं पोचून जागच्या जागी थबकले.

गल्लीच्या तोंडाशी शाळा होती, आणि शाळेच्या भिंतीला लागून एक छोटंसं मारुतीचं देऊळ. त्या देवळापुढं द्वारकाबाई नऊवारी नेसून, हातात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मागं गल्लीतल्या बायका, खाली पायघड्या, लोडाला टेकायची बैठक, सनईवाला, सरबताची घागर. आणि शाळेचं मोठं फाटक सताड उघडं.

पहिली गाडी थांबली. द्वारकाबाई पुढं झाल्या आणि विहीणबाईंना, मालनबाईंना म्हणाल्या, "या, या! नवरदेव आधी मारुतीला उतरतो, मग मांडवात येतो. आमच्या करमाडची रीत हाय. तुमचा मान हितं करायचा, आणि हितनं वाजतगाजत न्ह्यायचं. बसा, पाय धुऊन घ्या."

मालनबाईंचा चेहरा खुलला. "आमच्याकडंबी हेच होतं वो! कार्यालयं आली न् समदं बुडालं. किती वर्सांनी कुणी मारुतीला उतरवलं!" त्यांनी मागं वळून नवऱ्याला हाक मारली, "अवो, उतरा समदे! गाड्या जाऊ द्या त्या शाळेत."

आणि एकामागून एक गाड्या निमूट शाळेच्या मैदानात गेल्या. सुट्टीचे दिवस, मैदान मोकळंच होतं. व्याह्याला सांगता येत नाही, पण मान देता येतो, हे तात्यांच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. अजिंठ्याच्या दोन खेपांचा विचार मनात येऊन त्यांनी घाम पुसला.

"शाळा कुणी उघडली?" त्यांनी हळूच विचारलं.

"आप्पासाहेबांनी," द्वारकाबाई ताट सावरत म्हणाल्या. "त्यांच्या बायकोला मी कवाच सांगून ठिवलं होतं. शेजारी हायेत ते, दुश्मन नायत. त्यांचं फाटक मोकळं ऱ्हायलं म्हंजी झालं. तुम्ही मिशी लावली पणाला. मला काय अंगण घालवायचंय?"

"मग मला सांगायचं तरी!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यावर अजून एक शब्द दिला असता."

शिवराज घोड्यावरून गल्लीत आला, आणि घोडं कुठल्याच नियमात बसत नव्हतं. अक्षता पडल्या. पंगती अंगणात उठल्या. चारुतानं बुंदी दोनदा मागून घेतली. आप्पासाहेबांनी गल्लीला तीन चकरा मारल्या, एक गाडी सापडेना. शेवटी त्यांनी तात्यांच्या मिशीकडं बघून हात जोडले. "राहू द्या, तात्या. शोभते."

ऊन उतरलं आणि पाठवणीची वेळ झाली.

गाडी दारात येणार नव्हती. ती शाळेत होती, आणि तिथपर्यंत सगळ्यांना चालत जायचं होतं. प्रेरणानं उंबरा ओलांडला, मेढीला हात लावला आणि रडत रडत चालायला लागली. द्वारकाबाईंनी तिचा एक हात धरला, सोनिया आत्यानं दुसरा. घरोघरच्या बायका दारात उभ्या होत्या. कुणी ओटीत तांदूळ घातले, कुणी नारळ, कुणी कानात काहीतरी सांगून तिला रडता रडता हसवलं. आप्पासाहेबांच्या बायकोनं साखर भरवली. मागून कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कुणी आवरा म्हणत नव्हतं. गल्ली काही फार लांब नाही, पण त्या संध्याकाळी ती सरता सरेना. द्वारकाबाई वाटेत दहादा थांबल्या आणि दहादा त्यांनी नातीच्या तोंडावरून हात फिरवला. मधेच एकदा तो हात सोनियाच्या गालावरूनही फिरला, आणि लग्नाला इतकी वर्षं झालेली ती बाई भर रस्त्यात लहान पोरीसारखी आईच्या गळ्यात पडली.

गाड्या गेल्या. परत येताना चारुता तात्यांच्या बरोबरीनं चालत होती. चष्मा काढून तिनं पदरानं पुसला.

"शब्द राहिला, तात्या," ती म्हणाली. "आणि मिशीही."

तात्यांनी मिशीवर हात फिरवला. मिशी चांगली ओली झाली होती.

द्वारकाबाई पुढं जाऊन अंगणात पोचल्या होत्या. पत्रावळी उचलल्या गेल्या होत्या, माती पायांनी तुडवलेली होती. त्यांनी पाण्याची बादली घेतली आणि मेढीभोवती सडा टाकायला सुरुवात केली.

"अगं, थकली असशील. उद्या टाक," तात्या म्हणाले.

"नाय," त्या म्हणाल्या. "आज माझी लेक दारातनं गेलीय."